सेतुरावांचं भय

सेतुरावांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते खालून. ते बोटीत गुडघ्यावर बसले होते आणि मी मांड्यांपर्यंत चिखलात रुतलो होतो. "बोटीबाहेर पाय नक्को," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. पण मला बगळ्याचा फोटो हवा होता, आणि आम्ही पडलो कावेरीकाठची भातशेतीवाली माणसं. आम्हाला चिखल कोण शिकवणार? खाचरात गुडघाभर रुतलं की खाली घट्ट जमीन लागते. खारफुटीत ती लागतच नाही, हे ज्ञान मला पन्नाशीत, कॅमेरा डोक्यावर धरून उभं असताना झालं.

सेतुराव मुत्तुपेट्टैच्या खारफुटीच्या रानात लोकांना नेणारे वाटाडे. गेल्या वर्षी वारले. आमच्यासारखेच तंजावूरचे मराठी. बाहेर तमिळ आणि घरच्यांशी पणजोबांच्या वेळची मराठी. कमरेला लुंगीसारखी वेट्टी गुडघ्यावर दुमडलेली, गळ्यात शिट्टी. निघण्याआधी धक्क्यावरच्या चहावाल्याकडे सगळ्यांची नावं लिहून द्यायचे, परतायची वेळ सांगायचे, "तंवर आलो नाही तर माणसं पाठव" म्हणायचे. मग एकेकाला विचारायचे, "कशाचं भय, आत्ता सांगा. आत गेल्यावर भयाला वाचा फुटत नाही."

बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, "मला कशाचंच नाही." त्यांनी मला आपल्याजवळ बसवलं. मला तो मान वाटला.

एकदा म्हणे त्यांनी स्वच्छ आभाळाखाली अर्ध्या वाटेवरून बोट फिरवली, कारण एक पाहुणा बोलायचा थांबला होता. बाकीचे चिडले. धक्क्यावर उतरताच तो पाहुणा छाती धरून खाली बसला. "गप्प झालेला माणूस बोटीत जड होतो," एवढंच सेतुराव म्हणाले.

चिखलात मी मात्र गप्प नव्हतो. मी ओरडत होतो. एक पाय ओढावा तर दुसरा आणखी खाली जाई. समोर चिखलातून वर आलेली मुळांची टोकं मघाशी मी मोजू शकलो असतो. आता त्यातली निम्मी पाण्याखाली होती. भरती चढत होती. पाणी पोटाला लागलं.

"राव, सकाळी काय खाल्लं?" सेतुरावांनी विचारलं.

"अण्णा, मी मरतोय!"

"ते कळलं. इडली का दोसे?"

"दोसे."

"किती?"

"तीन... सहा!"

"मग सहा श्वास घ्या, मोजून. पाय ओढू नक्का. मागं रेला, पलंगावर रेलता तसं."

माझ्या पाठीमागे त्यांनी फळी सरकवली. मी रेललो. पाणी कानाशी आलं, आणि मला तीन देवांची नावंसुद्धा ओळीने आठवेनात.

"भिऊ नक्का असं कसं सांगू?" त्यांचा आवाज अगदी हळू होता. "भ्या. खुशाल भ्या. पण हलू नक्का."

मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे एक टाच इंचाइंचाने फिरवत पाय मोकळा केला, मग दुसरा. फळीवरून सरपटत मी बोटीत आलो तेव्हा माझी पँट चिखलाने ठेवून घेतली होती.

धक्क्यावर सेतुरावांनी मला आपल्या खांद्यावरचा पंचा, म्हणजे तुंडू, नेसायला दिला आणि कापी, म्हणजे कॉफी, ओतली. ओतताना निम्मी त्यांच्याच हातून बशीत सांडली.

"अण्णा, तुम्हीपण भ्यालात?"

"रोज भितो. ज्या दिवशी भय वाटणार नाही, त्या दिवशी बोट दुसऱ्याच्या हाती देईन." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चूक माझी. मी सांगितलं, पण तुमच्या कानात शिरलं का ते पाहिलं नाही. नुसतं सांगायचं असेल तर वाटाड्या कशाला? पाटी लावली तरी पुरे."

मी "नाही नाही, चूक माझीच" म्हणालो. त्यांनी ते मान्य केलं नाही. आयुष्यात माझी चूक कुणी आपल्या अंगावर घेतल्याचा तो एकच प्रसंग.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीशी बसली. मी तुंडू सावरत बसलो होतो. ओरत्तनाडू गाव आलं तेव्हा खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "तुम्ही खाली ओरडत होता ना, तेव्हा अण्णांनी माझा पदर गुडघ्याखाली दाबून धरला होता. फाटला. मी उतरत होते."

मी तिच्याकडे सरकलो. "मला काढायला?"

"आधी दोन लगावायला," ती म्हणाली. "काढायचं मग बघितलं असतं."