चुकलेलं उत्तर

पुसदला माझ्या मुलीला गणित शिकवायला एक मॅडम यायच्या. स्वतः सतरंजीवर बसायच्या आणि खडू मुलीच्या हातात द्यायच्या. एकदा तिनं फळ्यावर अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश लिहिलं. मी रागावणार, तेवढ्यात मॅडमनी मला हातानं थांबवलं.

"कबड्डीत हे बरोबर हाये," त्या तिला म्हणाल्या. "दोन चढायांत एक गडी बाद, मग तीन चढायांत एक. पाचात दोन झाले. आता भाकरीवर करून पाह्य."

याच चुकीसाठी मी शाळेत छडी खाल्ली होती.

मुलीनं फळ्यावर गोल भाकरी काढली आणि तिचा अर्धा भाग रंगवला. "अर्ध्या भाकरीत अजून तुकडा टाकला, तं ती अर्ध्याहून कमी कशी होईन?" म्हणाली, आणि तिनंच फळा पुसला.

मॅडम निघाल्या, तेव्हा मी त्यांना विचारलं, "तुम्हीच का नाही पुसलं?"

"तिचं होतं ते," त्या चप्पल घालत म्हणाल्या. "मी कायले पुसू?"