पहिलेचा रनटाइम

पुण्याहून आलेला तो इंजिनियर मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नागपुरात महाल भागात भांड्यांच्या दुकानावर आमच्या साहेबांचं कॉम्प्युटरचं ऑफिस होतं, म्हणजे दोन खोल्या, एक मशीन आणि मशीनसाठी एसी. माणसांसाठी पंखा. शाळा-कॉलेजांचे निकाल आम्ही छापून द्यायचो. मी सहा महिन्यांच्या बोलीवर मशीनवर बसत होते आणि या गृहस्थाने दुसऱ्याच दिवशी साहेबांना सांगितलं की मशीनवर शिकलेला माणूस ठेवा, बाईंना आकडे भरायला बसवा. माझ्यादेखत सांगितलं, मी केलेला चहा पिता पिता. साहेब म्हणाले, हा नर्सिंगचा निकाल निघू द्या, मग पाहू.

आमचे प्रोग्राम आपले आपण चालत नसत. त्यांना चालवायला रनटाइम नावाची वेगळी फाइल लागे. इंजिनियरने तिची नवी आवृत्ती आणून डिस्कवर घातली, जुनीही तिथेच राहिली. आता दोन्हींतली कुठली घ्यायची हे कॉम्प्युटरला काय कळणार? त्याला एक यादी दिलेली असे, आधी कुठे शोधायचं, नंतर कुठे. जो रनटाइम आधी सापडला तो त्याने उचलला. इंजिनियरने यादीत नवा वर टाकला होता.

निकाल छापायच्या दिवशी साहेबांनी त्याला बजावलं, "रनटाइम पहिलेचाच राहू द्या जी."

"पहिलाच ठेवलाय," तो म्हणाला.

दोघेही समाधानाने जेवायला गेले. आमच्या नागपुरात पहिलेचा म्हणजे आधीचा, जुना. पहिलेचं घर, पहिलेची नोकरी. पुणेकराच्या डोक्यात पहिला म्हणजे यादीतला एक नंबरचा. एकाने जुना मागितला, दुसऱ्याने नवा ठेवला आणि दोघांनी माना डोलावल्या. दोघांचंही बोलणं कळलेली त्या खोलीत मी एकटी होते. मी तोंड उघडलंही होतं. "सर, यादीत तर..." एवढंच म्हटलं, तर तो वळूनही न पाहता म्हणाला, "बाई, तुम्ही रिबन बदला."

मी प्रिंटरची रिबन बदलली. मग ते जेवून येईपर्यंत दहा नावं दोन्ही रनटाइमवर चालवून पाहिली. जुना साडेचव्वेचाळीसचे पंचेचाळीस करत होता, आणि पंचेचाळीसला पास. नवा तो अर्धा मार्क सरळ टाकून देत होता. दहातली एक मुलगी जुन्यावर पास, नव्यावर नापास. यादीतली एक ओळ खाली-वर केली की काम झालं असतं. मी ती ओळ होती तशी ठेवली. मनात म्हटलं, आता पाहू कोण शिकलेलं आहे ते. दोघे परत आले, त्याने बटण दाबलं आणि मी कागद लावून दिला.

निकाल लागल्यावर तिसऱ्या दिवशी नर्सिंगवाल्यांच्या मोठ्या बाई हातात मार्कांचं रजिस्टर घेऊन जिना चढून आल्या. साहेबांना त्यांनी जे सुनावलं ते खालच्या भांडीवाल्यालाही ऐकू गेलं असेल. साहेब घामाघूम झाले. इंजिनियर तोवर पुण्याला पोचला होता. मी मशीनसमोर बसले, कपाळाला आठ्या घातल्या आणि मला छापायच्या दिवसापासून माहीत असलेली चूक पाच मिनिटांत शोधून दाखवली. साहेब त्या बाईंना म्हणाले, "आमच्या मॅडमनं धरली पाहा." पुण्याला ट्रंककॉल लावून त्यांनी जे काही म्हटलं ते मी पदर तोंडाशी धरून ऐकलं. मशीनवरची खुर्ची माझी झाली. मला आनंद झाला. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलंही नाही. घरी जाताना मी पाव किलो बालुशाही घेतली.

दुरुस्त केलेल्या गुणपत्रिका आमच्याच ऑफिसातून वाटल्या. नरखेडकडची एक मुलगी सकाळच्या एसटीने आली. चपला दाराबाहेर काढून ती आत आली आणि उभीच राहिली. गुणपत्रिका दोनदा वाचून तिने घडी घातली. मी विचारलं, आता दवाखान्यात लागशील ना? ती म्हणाली, ती जागा भरली. निकालाच्या पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणून त्यांनी दुसरीला घेतलं होतं. यंदा आता दुसरी जागा नाही. हे तिने अगदी सरळ सांगितलं, तक्रारीचा सूरही नाही. मला मात्र तिच्याकडे बघवेना, म्हणून मी सहीचं रजिस्टर पुढे ओढलं.

"साहेबांनी सांगतलं मले," ती म्हणाली, "तुम्ही होत्या म्हणून चुकी सापडली. नाही तं मी नापासच राहिली असती."

आणि ती वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.