औषधाच्या बाटलीवरची खूण

चन्नप्पा गेल्याची बातमी माझ्याकडे आली ती दह्याच्या भांड्याबरोबर. सव्वा महिना झाला त्याला. सकाळचे अकरा वाजले असतील, मी प्रयोगशाळेत मळीचे नमुने तपासत होते, आणि दारात होटगीच्या काशीबाई उभ्या. रेल्वेच्या चाळीत चन्नप्पांच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या. हातात फडक्यानं तोंड बांधलेलं जर्मनचं छोटं भांडं. "बाई, चन्नप्पा गेले की हो. काल. झोपेतच गेले. मंद्रूपची मानसं आली, न्हेलं, माती बी दिली. तुमाला कळवायला कुणीच न्हवतं." मग भांडं पुढं करून म्हणाल्या, "दूध इरजून झोपले हुते. सकाळी बघतोय तर मानूस न्हाय, आन् दही मातुर घट्ट लागलेलं. मला टाकवंना. तुमचं नाव लई घ्यायचे, म्हनून आनलं." मी भांडं घेतलं आणि टेबलावर परीक्षानळ्यांच्या शेजारी ठेवलं. इतकी वर्षं एका खोलीत काम केलेल्या माणसाला मूठभर माती द्यायलाही मला जाता आलं नाही. राग आला. कुणाचा, ते मात्र कळेना.

आमचा कारखाना मळीपासून मद्यार्क काढणारा, गावाबाहेर होटगीच्या वाटेवर. मी तिथली केमिस्ट. एम.एस्सी. झालेली, अविवाहित, आणि नाकावर माशी बसू न देणारी. चन्नप्पा मळी आंबवायच्या टाक्या सांभाळायचे. मंद्रूपचे लिंगायत, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, तरी मला अक्का म्हणायचे. "अहो, तुम्ही मोठे, मी अक्का कशी?" तर म्हणायचे, "शिकल्याली बाई अक्काच की." माझ्या आयुष्यात मला अक्का म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि मागोमाग खनिज तेल महागलं. रंगाच्या कारखान्यांना लागणारं ब्युटेनॉल बाहेरून मिळेना, तेव्हा वरच्या साहेबांच्या डोक्यात आलं की ते आपणच मळीपासून काढावं. काढणारे जंतू होते. हवा न चालणारे, बंद बाटलीत मळीतली साखर खाऊन ब्युटेनॉल बनवणारे. पण शंभर भागांत एक-सव्वा भाग ब्युटेनॉल साचलं की ते त्यातच मरायचे. चन्नप्पांना पहिल्यांदा हे समजावलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अगागा! आपल्याच कमाईत मरत्यात म्हना की!" जंतूंना त्याहून जास्त सहन करायला शिकवायचं, हे आमचं काम. परदेशात आता म्हणे जंतूंच्या पोटात हात घालून त्यांची जातच बदलायला लागलेत. आमच्याकडे होते चन्नप्पा.

त्यांनी सगळा प्रयोग आपल्या भाषेत करून टाकला. विरजणाला कानडीत हेप्पु म्हणतात. त्यांनी पहिल्या बाटलीवर तेच लिहिलं. रोज जुन्या बाटलीतून, जे जगले वाचले त्यांतलं थोडं विरजण नव्या बाटलीत घालायचं, आणि त्यात थोडं ब्युटेनॉल बाहेरूनही टाकायचं. दर आठवड्याला एक थेंब जास्त. ह्या ब्युटेनॉलला ते औषध म्हणायचे. शेतकरी पिकावरच्या विषाला औषधच म्हणतो ना, तसं. सकाळी बाटली फुसफुसली तर स्वारी खूश, नाही फुसफुसली तर ती मुकी. एकदा पुण्याहून आलेल्या साहेबांनी बाटलीवरची चिठ्ठी वाचून विचारलं, "हॅपी? जंतू हॅपी आहेत का?" चन्नप्पा गंभीरपणे म्हणाले, "व्हय साहेब, लई हॅपी." साहेब गेल्यावर मी हसून हसून स्टुलावर बसले. आणखी एक त्यांची खोड, रोज औषधाच्या बाटलीवरच्या कागदी पट्टीवर पेन्सिलीनं पातळीची रेघ मारायची. भिंतीवर पोराची उंची मोजतात तशी रेघेखाली रेघ. त्यांना मूलबाळ नव्हतं. दीड वर्षात आमचे जंतू दुप्पट औषध पचवायला लागले, आणि चन्नप्पा कामगारांना सांगत सुटले की अक्कानं आणि मी पैलवान तयार केलेत.

मग त्यांची बायको गेली. गंगव्वा. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. निरोप आला तशी मी होटगीला गेले. ते ओट्यावर बसले होते. मला बघून एवढंच म्हणाले, "अक्का, हेप्पु चुकवू नका." मी म्हटलं, तुम्ही तेरा दिवस काळजीच करू नका. पहिल्या दिवशी मी विरजण बदललं, औषधाची बाटली हातात घेतली... आणि मला ते घालवेना. ज्याच्या घरातलं माणूस कालच मातीला गेलं, त्यानं जिवासारखे सांभाळलेले हे जीव, त्यांना आज मी विष घालू? माझं घर सोवळ्यातलं. सुतकात काय करायचं नाही याची यादी आईनं माझ्याकडून पाठ करून घेतलेली. म्हटलं, घेऊ दे बिचाऱ्यांना विसावा, सुतक फिटलं की चन्नप्पा पुन्हा सुरू करतील. रोज नुसती गोड मळी घालत राहिले. बाटल्या काय फुसफुसत होत्या! मला आपलं पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

सहाव्या दिवशी सकाळी चन्नप्पा खोलीत हजर. मी ओरडलेच, "अहो, सुतकात कामावर?"

"आमच्यात सुतक नस्तं, अक्का. लिंगायत मान्स आमी." बाटल्या न्याहाळत म्हणाले, "घरात बसून काय करू? तितं कुणी न्हाय. हितं निदान हे तरी हायेत की."

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांनी नेहमीचं माप घातलं, आणि दुसऱ्या दिवशी बाटली मुकी. मागच्या बाटलीतून त्याच मापानं पुन्हा लावलं, तीही मुकी. पाच दिवसांच्या लाडानं दीड वर्षाची सवय गेली होती. चन्नप्पा बराच वेळ बाटलीला कान लावून उभे होते. मग म्हणाले, "माझाच पायगुन. घरातबी तसंच, हितंबी तसंच." आणि मी, तोंडाळ म्हणून कारखानाभर नाव असलेली मी, गप्प बसले. त्यांनी पुन्हा एका थेंबापासून सुरुवात केली. जुन्या मुक्कामाजवळ यायला दोन वर्षं लागली, तोवर साहेबांचा उत्साह ओसरला, योजना बंद झाली, बाटल्या धुऊन कपाटात गेल्या. चन्नप्पा निवृत्त झाले. त्या दोन वर्षांत मी रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू. पण ते डबा उघडून "अक्का, दही घ्या" म्हणायचे, आणि तो दिवस जायचा.

ते जायच्या महिनाभर आधी मी होटगीला गेले होते, एवढ्याचसाठी. एका खोलीत खाट, स्टोव्ह, भिंतीवर गंगव्वाचा फोटो. मी म्हटलं, "चन्नप्पा, एक सांगायचंय. तुमच्या गैरहजेरीत मी..." त्यांनी ताकाचा पेला माझ्या हातात दिला. "आधी ताक प्या. उन्हातनं आलाय." प्याले. मग ते पावसाचं बोलले, मंद्रूपच्या ज्वारीचं बोलले, जागाच ठेवली नाही त्यांनी. निघताना विचारलं, एकटं करमतं का? म्हणाले, "सवय करायची की. आदी एक थेंब, मग दोन." आणि हसले. मला ते हसणं सहन झालं नाही, मी बस चुकेल म्हणून पळाले.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा पुतण्या मंद्रूपहून आला आणि चन्नप्पांच्या रोजच्या नोंदींच्या वह्यांचा गठ्ठा ठेवून गेला. "काका म्हनायचे, ह्या अक्काच्या." बाटली मुकी झाली त्या दिवसाचं पान मी शोधलं. पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, बोलल्यासारखंच: 'बाटली मुकी. औषधावरची खूण पाच दिवस खाली गेल्याली न्हाय. अक्काला माया आली. विचारायचं न्हाय, तिला लागंल. माझा पायगुन म्हनून सांगितलं. पुन्हा एक थेंब.'

एवढी एम.एस्सी. झालेली मी, पण बाटलीवरची ती रेघ माझ्या ध्यानात आली नव्हती. म्हणजे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. त्यानंतरची दोन वर्षं आम्ही दोघं एकाच खोलीत एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत बसलो होतो. ते मला लागू नये म्हणून, आणि मी... मी भित्री म्हणून. त्या दिवशी मी एक वाक्य बोलले असते, तर त्या माणसाला स्वतःचा पायगुण तरी वाईट म्हणावा लागला नसता. आता कुणाला सांगू? खोलीत मी एकटीच असते. कपाटात हेप्पु लिहिलेली रिकामी बाटली आहे, तिला कान लावून पाहिला. नुसती मुकी.

काशीबाईंनी आणलेलं दही मी खाल्लं नाही. त्यातलं चमचाभर घेऊन संध्याकाळी कोमट दुधाला लावलं, ते सकाळी लागलं. त्यातलं पुन्हा चमचाभर. एकट्या बाईला रोज दही कशाला, शेजारणीला वाटून टाकते. परवा अंगात ताप होता. उठवत नव्हतं. मनात आलं, राहू दे एक दिवस. मग उठले, भिंत धरत स्वयंपाकघरात गेले, दूध तापवलं, विरजण लावलं, झाकण ठेवलं, आणि त्या जर्मनच्या भांड्याला मोठ्यानं म्हटलं, "चन्नप्पा, आज चुकवलं नाही हं."