टोचलं कुणाला?

साजगावची जयवंता हसली की शेजारच्या आळीला कळायचं. पण पोरं झाल्यावर हसता-शिंकताना लघवी सुटायला लागली आणि वय वाढलं तसं तिनं लग्नाकार्याला जाणंच टाकलं. शेवटी सून सुप्रियानं तिला पनवेलला नेलं. तिथं ऑपरेशन करून लघवीच्या नळीखाली जाळीची बारीक पट्टी बसवली. गळणं थांबलं. भाचीच्या हळदीत जयवंता नाचली.

वर्षभरानं अंगावरून लालसर जायला लागलं. वयाचं असेल, म्हणून तिनं सोडून दिलं. खरी तक्रार आली नवऱ्याकडून. कंपनीतून रिटायर झालेले पोपटराव सकाळी चहा पिताना म्हणाले, "तुझ्या त्या पट्टीचं कायतरी बिघडलंय."

"तुमाला कसं कळलं?"

"टोचतंय."

"मला तर नाय टोचत."

"अगं, मला टोचतंय!" पोपटराव एवढ्यानं ओरडले, की अंगणात कपडे वाळत घालणारी सुप्रिया बादली टाकून मागच्या दारी पळाली.

"मग डॉक्टरला तुमीच सांगायचं," जयवंता म्हणाली.

पनवेलच्या डॉक्टर हर्षला मॅडम वयानं लेकीएवढ्या होत्या. "काय त्रास होतोय?" त्यांनी विचारलं. जयवंतानं तोंडाला पदर लावून नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"पट्टीचं टोक बाहेर आलंय, मॅडम," पोपटराव छताकडे बघत म्हणाले.

"तुम्ही पाहिलंत?"

"पायलं नाय." त्यांचे कान लाल झाले. "लागलं."

डॉक्टर हसल्या नाहीत. "बरं झालं बोललात. बरेच नवरे गप्प बसतात, आणि बायका त्याहून गप्प."

तपासलं तर खरंच, पट्टी योनीच्या आतल्या कातडीतून बाहेर आली होती. तेवढा तुकडा कापून वरून टाके घालायचं ठरलं. "गळणं थोडं परत सुरू होऊ शकतं," डॉक्टर म्हणाल्या. तेव्हा मात्र जयवंताचा चेहरा उतरला. पोपटरावांनी सगळ्यांदेखत तिचा हात धरला.

ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना नर्सनं भर वॉर्डात पोपटरावांना बजावलं, "मॅडम सांगतील तोपर्यंत लांब झोपायचं हां, काका!" काकांनी घरी येताच अंथरूण ओटीवर नेलं. शेजाऱ्यांनी विचारलं, तर जयवंता म्हणाली, "घोरतात लय."

आता टोचत नाही. जोराची शिंक आली तर थेंबभर जातं. त्यासाठी डॉक्टरनं लघवी रोखल्यासारखं आतून आवळून धरायचा व्यायाम दिलाय. जयवंता तो सिरियल बघताना करते.

"अशी गप्प का बसलीस गं?" पोपटराव विचारतात.

"व्यायाम करतेय."

पोपटराव तिला खालपासून वरपर्यंत बघतात. काहीच हलत नसतं.