आल्बीच्या फाटकाची खिटी

जॅनेलने आईच्या जिन्याच्या तोंडाशी लावायला दुकानातून आणलेलं फाटक जेमतेम दहा मिनिटं टिकलं.

दिसायला झकास होतं. पांढरं, लोखंडी, भिंतीला एकही भोक न पाडता बसणारं. चार रबरी बुचं दोन्हीकडच्या भिंतींना टेकवायची आणि पेच आवळायचे, झालं काम. जॅनेलने आवळले, मग आणखी आवळले. पण मेरीबरो गावातली ती जुनी घरं लाकडी खांबांवर उभी, आणि भिंती म्हणजे एकीत एक अडकवलेल्या उभ्या फळ्यांचा एकच पदर. मागे आधाराला काही नाही. पेच फिरला तशी फळी पलीकडे पोट काढायला लागली. तेवढ्यात स्मोको आला. चौदा वर्षांचा कुत्रा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दार कुठंय ते त्याला नाकाने कळायचं, फाटक कुठंय ते कपाळाने कळलं. फाटक निखळलं आणि तेराच्या तेरा पायऱ्या खडखडवत खाली आंब्याच्या बुंध्याशी जाऊन थांबलं.

"मी काही बोललेच नव्हते," नेरिडा म्हणाली.

"आई, तीनदा बोललीस तू."

"चारदा. पहिल्यांदा तू फोनवर होतीस."

जॅनेल हसली नाही. लेकीला, एडीला, कडेवर सावरत ती पायऱ्यांकडे बघत राहिली. ठरलं होतं ते असं: पुढच्या सोमवारपासून जॅनेलची इस्पितळातली नोकरी परत सुरू. फाटक पक्कं बसलं तर एडी आठवड्यातले तीन दिवस आजीकडे. नाही बसलं तर पाळणाघर. "यावर मला वाद नकोय," असं जॅनेलने आधीच बजावलं होतं.

नेरिडा क्विल्टी अडुसष्ट वर्षांची. शाळेच्या उपाहारगृहात तीस वर्षं तिने पोरांना खिमा भरलेले गरम 'मीट पाय' वाढले. गावातले निम्मे टक्कल पडलेले पुरुष अजून तिला पाहून शर्ट खोचतात. नवरा आल्बी लाकडाच्या गिरणीत होता. त्याला जाऊन चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत ती रेडिओशी बोलायला शिकली होती. रेडिओ उलट उत्तर देत नाही, हा त्यातला मोठा दोष. तिला हे पोर घरात हवं होतं. इतकं हवं होतं, की मागायचीसुद्धा भीती वाटायची.

"खाली तुझ्या बाबाचं फाटक आहे," ती म्हणाली. "ते लावू."

आल्बीने ते जॅनेल रांगायला लागली तेव्हा केलं होतं, गिरणीत उरलेल्या सिल्की ओक लाकडाच्या पट्ट्यांचं. दोन पट्ट्यांमधून बिअरचा डबा जाता कामा नये, हे त्याचं माप. माप घ्यायला डबा आधी रिकामा करावा लागतो, हे त्याचं म्हणणं. नेरिडा पट्टीचं दुसरं टोक धरून उभी होती. आल्बीबरोबरच्या संसारात ती बहुतेक वेळ कशाचं तरी दुसरं टोक धरूनच होती, आणि त्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. पुढे ते फाटक गल्लीत गाजलं. मीटर बघायला येणारा त्यात अडकायचा. पाद्रीबाबा एकदा खिटीशी पाच मिनिटं झटले, मग टांग टाकून आत आले, आणि चहा होईपर्यंत उसवलेली पँट टोपीने झाकून बसले. संध्याकाळी त्या फाटकामागे दोन पोरं, जॅनेल आणि धाकटा डीन, आणि एक कुत्रा रांगेने आल्बीची वाट बघत बसायचे. काय दिवस होते ते! तेव्हा ते दिवस आहेत हे कळत नव्हतं, कपडे धुण्यातच संपायचे.

घराखालच्या अंधारातून दोघींनी फाटक ओढून उजेडात आणलं. जॅनेलने खालच्या पट्टीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"वाळवी," ती म्हणाली.

नेरिडा शेवटच्या पायरीवर बसली. फाटकाचे दोन खांब तेवढे धड होते. ते जड, टणक लाकडाचे, वाळवीने त्यांना तोंड लावलं नव्हतं.

"मग पाळणाघरच," ती म्हणाली. आणि थांबायचं सोडून पुढे बोलली. "तसंही तुझा माझ्यावर विश्वास नाहीच. आणि बरोबर आहे तुझं. डीन पडला त्या दिवशी फाटक मीच उघडं टाकलं होतं."

चौतीस वर्षांत हे वाक्य तिने कुणापुढे उच्चारलं नव्हतं. दुपारचं वादळ चढून आलं होतं, ती दोरीवरचे कपडे काढायला धावली होती. खिटी लावली की नाही, ते तिला आजतागायत आठवत नव्हतं. वर वळून बघते तर दीड वर्षांचा डीन पायऱ्यांवरून गडगडत खाली. गळ्याजवळचं हाड मोडलं. आज तो केर्न्सला ट्रक चालवतो, दिवसाला सहा अंडी खातो. त्याचं काही अडलं नाही, पण हिचं अडलं ते अडलंच.

"बाबा एक शब्द बोलला नाही," नेरिडा म्हणाली. "संध्याकाळी आला, आणि गुपचूप खिटी काढून बाहेरच्या अंगाला खाली ठोकली. त्यानंतर प्रत्येक वेळी ती उघडायला वाकले ना, की वाटायचं, हा मला शिक्षा देतोय."

जॅनेल खांबाजवळ उकिडवी बसली होती. वर दोन बुजवलेली भोकं होती, जुन्या खिटीची. ती त्यांवरून बोट फिरवत राहिली.

"तू लावली होतीस खिटी," ती म्हणाली.

"तुला काय माहीत? चार वर्षांची होतीस तू."

"लावली होतीस, कारण उघडली मी. तू चिमट्यांची पिशवी वरच विसरली होतीस. तुला नेऊन द्यायची होती. बादली उपडी टाकून चढले, खिटी काढली... डीन माझ्या मागे आला." तिचं बोट भोकावर थांबलं. "बाबाला फाटकाशी बादली दिसली. तो म्हणाला, कुणाला बोलू नकोस, झालं ते झालं. मी नाही बोलले. म्हणून खिटी खाली गेली, आई. बादलीवर चढूनही वरून माझा हात पोचू नये म्हणून."

"मग मला का नाही सांगितलं त्याने?"

"तू कधी विचारलंस?"

नव्हतं विचारलं. तिने विचारलं नाही, तो बोलला नाही, आणि दोघांनी मिळून इतकी वर्षं खिटीकडे बघत काढली. नेरिडाला आल्बीचा असा काही राग आला, की तो समोर असता तर तिने त्याला बदडला असता, आणि मग मिठीतून सोडला नसता. ती रडली. जॅनेलही रडली. एडीने दोघींकडे बघितलं आणि स्मोकोचा कान तोंडात घातला.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे गं," जॅनेल नाक पुसत म्हणाली. "खिट्यांवर नाहीये. आणि या वयाच्या पोरींवर तर अजिबात नाहीये."

दुपारी दोघी पुन्हा दुकानात गेल्या. या खेपेला निवड नेरिडाने केली. कुत्र्याच्या खाण्याची दहा किलोची पिशवी तिने एडीसारखी कडेवर घेतली आणि एकेक फाटक एका हाताने उघडून बघितलं. ज्याच्या तळाला आडवी पट्टी होती ते बाद. पोर घेऊन त्यात पाय अडकला की दोघंही खाली. पायऱ्यांच्या बाजूला उघडणारंही बाद. विक्रेता म्हणाला, "आजी, पिशवी मी धरू का?"

"तू काय रोज घरी येणार आहेस का रे धरायला?"

शेवटी लाकडी निवडलं, स्क्रूने बसणारं, घराच्या आत उघडणारं. त्याची खिटी आधी दाबायची, मग वर उचलायची. आल्बीचे खांब त्यांनी वर नेले आणि फळ्यांच्या नादी न लागता थेट घराच्या लाकडी तळाखालच्या तुळईला बोल्टने आवळले. नवं फाटक त्यांवर बसवलं. जॅनेलने ड्रिल चालवलं, नेरिडाने दुसरं टोक धरलं. मग जॅनेलने सगळं अंग टाकून फाटक ढकलून पाहिलं. ते हललं नाही.

सोमवारी सकाळी सातला एडी आली. जॅनेल घाईघाईने पायऱ्या उतरली, फाटक लागलं. खांबावरची बुजवलेली भोकं एडीच्या डोक्याच्या बरीच वर होती. स्मोको कपाळ टेकवून आडवा झाला. एडी त्याच्या पाठीला धरून उभी राहिली आणि आजीच्या अंगठ्याकडे टक लावून बघायला लागली. दाबला, उचलला, उघडलं. पुन्हा लावलं. तिने आपला अंगठा वर करून पाहिला.

नेरिडा गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसली, तिच्या उंचीला आली.

"जमेल तुला," ती म्हणाली. "तुझ्या आईला जमलं होतं. फक्त जमलं की मला येऊन सांग, हं? मी रागावणार नाही."