एकेचाळीस फाइली बदलल्या कशा?

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी आधी हसतो, मग चहा मागवतो. अठरा वर्षं नागपुरात ऑफिसांचे बॅकअप सांभाळतोय, माझा विश्वास फक्त लॉगवर, म्हणजे कॉम्प्युटर स्वतः ठेवतो त्या नोंदींवर. आणि नेमकी त्या लॉगमुळेच माझी पाचावर धारण बसली...

मनीषनगरात, दुसऱ्या मजल्यावर माझ्या काकू एकट्या राहतात. काकांना जाऊन दोन वर्षं झाली. त्याआधी त्यांनी पुण्याच्या नातीसाठी एकेचाळीस गोष्टी स्वतःच्या आवाजात कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केल्या होत्या. काकू रोज दुपारी जेवण झालं की त्यातली एक ऐकतात. फक्त ऐकतात — डबल क्लिकपलीकडे त्यांना काही येत नाही.

मागच्या दिवाळीत मी ते फोल्डर बॅकअपच्या यादीत टाकलं. आणि तिथेच शेण खाल्लं! बॅकअप इन्क्रिमेंटल — म्हणजे दर रविवारी, मागच्या वेळेनंतर ज्यांची तारीख बदलली तेवढ्याच फाइली उचलणारा. यादीत नवं फोल्डर आलं की एकदा पूर्ण बॅकअप घ्यावा लागतो, नाहीतर जुन्या तारखेच्या फाइलींकडे तो ढुंकूनही बघत नाही. आणि नुसतं ऐकल्याने फाइलीची तारीख बदलत नाही. गावभर हे बजावत फिरणारा मी, ‘घरचंच तर आहे’ म्हणून तसाच फराळाला बसलो.

फेब्रुवारीत हार्ड डिस्क गेली. पार गेली. काकूंचा फोन, "काही होणार नाही ना गा? तूच तर बॅकअप लावून देला होता." ‘येतो’ म्हणून मी निघालो.

भर दुपारी त्यांच्यासमोर बॅकअपची डिस्क जोडली. फोल्डर रिकामं असणार हे ठाऊक होतं, माफीचे शब्द जुळवत होतो. तर आत एकेचाळीसच्या एकेचाळीस फाइली!

लॉग उघडला. प्रत्येकीपुढे ‘बदललेली’. तारखा दिवाळीनंतरच्या, वेळ दुपारची, एक-दीडची. जाणकार म्हणतील, आवाज वाजवणारा प्लेअर कधीकधी फाइलीत नाव वगैरे लिहितो, त्याने तारीख बदलते. मीही तेच म्हटलं. पण एक मूळ गोष्ट नातीच्या फोनवर होती, ती मागवून ताडून पाहिली. मूळ सहा मिनिटं दहा सेकंद. ही सहा मिनिटं चौदा.

शेवटचे चार सेकंद लावले. काकांचं खाकरणं... आणि, "जेवली का वं?"

नातीच्या गोष्टीत काकूंना प्रश्न? बाकीच्या फाइलींचे शेवट ऐकले. सगळीकडे तेच — पण दरवेळी वेगळ्या सुरात! एकीत तर, "आज उशीर केला वं."

"काकू, हे आधीपासून होतं?" मी कसंबसं विचारलं.

"नाही गा, दिवाळीपासून ऐकून राहिली मी. गोष्ट सरली की विचारतेत. मी म्हणते, जेवली. तू काहून घाबरून राहिला?"

नवी डिस्क बसवून फाइली तिच्यावर टाकल्या. निघताना काकूंनी माझा हात घट्ट धरला. "यातही विचारतीन ना गा?" आता त्या घाबरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. काकू रडतही होत्या आणि हसतही होत्या. "विचारलं गा... विचारलं त्यायनं!"

दोन महिने झाले, मला याचा अर्थ लागलेला नाही. तुमच्यापैकी कोणाला लागला तर मला जरूर लिहा. काकूंना मात्र कळू देऊ नका.