संत झिटाचा लाल घागरा

प्रभाताईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. इथल्या आमच्या मराठी मंडळानं त्यांच्या गौरव अंकात मलाही लिहायला सांगितलं. मी सातवी शिकलेली, आणि लांबण लावायचा मला कंटाळा आहे, म्हणून थेट सांगते. ताईंची माझी ओळख झाली ती मी केलेल्या नुकसानापायी.

इथे इंग्लंडात, मेडनहेडच्या बाहेर एका गावातल्या जुन्या चर्चमध्ये मी क्लीनिंगला जाते. तिथे भिंतीतल्या कोनाड्यांत दगडी संत उभे आहेत. ईस्टर जवळ आला होता. सण आला की देव घासायचे, हे आईनं लावलेलं वळण. एका संतबाईच्या घागऱ्याच्या चुण्यांत लालसर काहीतरी बसलं होतं. वॉशिंग-अप लिक्विड आणि घासणी घेऊन मी ते साफ काढलं. कुणाला विचारलं नाही.

तेवढ्यात ताई पाहुण्यांना घेऊन आत आल्या. या मूर्तींच्या अभ्यासात त्यांनी अर्धी हयात घातली आहे, हे मला काय ठाऊक. मूर्ती बघितली आणि त्या बाकावर बसल्याच. माझं मंगळसूत्र बघून त्यांनी मराठीतच विचारलं, “बाई, हे तुम्ही घासलंत?”

“हो. घाण होती.”

“घाण नव्हती ती. सहाशे वर्षांपूर्वीचा रंग होता. तेवढाच उरला होता.”

“मग पाटी लावायची की.”

त्या रंगावरच ताईंचं पुस्तक चाललं होतं, हे मला मागाहून कळलं.

चर्चच्या कमिटीनं मीटिंग घेतली. चर्चची व्यवस्था बघणारे वॉर्डन म्हणाले, दुसरी क्लीनर बघू. घरात तेव्हा माझी एकटीचीच नोकरी होती. मी मान खाली घालून बसले. ताई उठल्या आणि इंग्रजीत काहीतरी ठामपणे बोलल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय सांगितलंत? तर म्हणाल्या, “इतकी वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हे संत दाखवते. त्यांना दर आठवड्याला हात लावणारी तू एकटी, आणि तुलाच काही सांगितलं नाही. चूक माझी लिहा, म्हटलं.” ती तशीच लिहिली गेली. नोकरी राहिली.

मग दर गुरुवारी माझं काम आटोपलं की ताई मला शिकवायला लागल्या. “तोंड बघू नकोस, हात बघ. चाक असलं की कॅथरीन. लोखंडी जाळी असली की लॉरेन्स. चिमट्यात दात धरलेला असला की अपोलोनिया, तिचे दात उपटले होते.”

“म्हणजे ज्यानं छळलं तेच हातात धरून उभे?”

“हो. त्यावरूनच त्यांना ओळखायचं.”

“आणि मी घासली ती? हिच्या तर कमरेला किल्ल्या आहेत.”

“ती झिटा. तिला कुणी छळून मारलं नाही. जन्मभर एका घरी मोलकरीण होती.”

“घ्या. मोलकरणीनंच मोलकरणीचा रंग उतरवला.”

त्या दिवशी ताई पहिल्यांदा हसल्या, आणि त्यांनी माझ्याकडून ती घासणी मागून घेतली.

आता ताई कुठेही व्याख्यान द्यायला उभ्या राहिल्या की आधी पिशवीतून ती हिरवी घासणी काढतात. आमच्या मंडळाच्या एजवेअरच्या कार्यक्रमातही काढली. “झिटाचा रंग हिनं गेला, कारण मी बोलले नाही,” एवढंच सांगतात. माझं नाव घेत नाहीत. एकदा मीच मागून ओरडले, “ती घासणारी मी.” लोक हसले. ताईंनी मला पुढे बोलावून शेजारी बसवलं.

विद्वान माणसं मी इथे पुष्कळ पाहिली. त्यांची घरं पुसलीत मी. आपली चूक अशी हातात धरून चारचौघांत उभं राहणारं माणूस एकच पाहिलं. उद्या कुणी ताईंचा पुतळा केलाच, तर हातात काय द्यायचं ते विचारायला नको.

ताईंना शंभर वर्षं भरोत, आणि गुडघे शाबूत राहोत. हल्ली ईस्टरच्या आधी मी फक्त मऊ ब्रशनं धूळ झटकते आणि ताई खाली शिडी धरतात. दुसऱ्या कुणी धरली तर मी चढत नाही.